आधी नंबर, मग जीमेल, मग बाकीचं सगळं

बैलजोडीचं नाव, त्यापुढे १२३. मुलीचं नाव, त्यापुढे तिचं जन्मसाल. असे पासवर्ड गावोगाव सापडतात आणि ते बदलायचेच आहेत, पण पहिल्या दिवशी नाही. त्याआधी दोन गोष्टी आपल्या ताब्यात घ्यायच्या: बँकेला जोडलेला मोबाईल नंबर आणि फोनमधलं जीमेल. कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड लावायचा कोड या दोनपैकी एका ठिकाणी येतो. ही दोन दारं दुसऱ्याच्या हाती असतील तर बाकीच्या खात्यांना कितीही मोठी कुलपं लावा, समोरचा ‘फरगॉट पासवर्ड’ दाबून आत येतो.

म्हणून सगळं याच क्रमाने करा. एका बैठकीत होणार नाही. वीज आणि रेंज दोन्ही असतील अशा दोन-तीन संध्याकाळी धरून चला. सोबत एक वही आणि पेन घ्या.

नंबर कोणाचा?

आठवडी बाजारात छत्रीखाली घेतलेलं सिम कधी कधी भलत्याच्याच आधारवर निघालेलं असतं. उलटंही होतं, म्हणजे आपल्या आधारवर आपल्याला ठाऊक नसलेलं सिम चालू असतं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर खात्रीने आपल्या नावावर असलेला नंबर टाकला, आलेला ओटीपी भरला, की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी दिसते. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ नंबर चालतात. यादीतला एखादा आपला नसेल तर त्यापुढे ‘माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडा. आणि ज्यावर बँकेचे मेसेज येतात तो नंबरच यादीत नसेल, तर तो कुणाच्या नावावर आहे ते शोधून आपल्या नावावर करून घ्या. हे सगळ्यात आधीचं काम.

दुसरी चूक रिचार्जची. बाबांचा साधा फोन आहे, त्यात रिचार्ज कशाला म्हणून सिम बंद पडू दिलं जातं. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवस राखून ठेवते, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. तो नवा ग्राहक भला माणूस असला तरी बाबांच्या बँकेचा ओटीपी आता त्याच्या खिशात वाजतो. सिम सोडायचंच असेल तर आधी बँकेच्या शाखेत, आधार केंद्रावर, गॅस एजन्सीत, शेतकरी ओळख क्रमांकात आणि महाडीबीटीवर नवा नंबर लावून घ्या. मग जुनं सिम काढा.

तिसरं काम सिमला पिन लावण्याचं. बसस्टँडवर फोन चोरीला गेला की चोर स्क्रीनचं कुलूप फोडत बसत नाही, सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी मागवतो. सेटिंग्जमध्ये वर शोधपट्टी असते, तिथे ‘सिम लॉक’ शोधा. चालू करताना कंपनीचा मूळ पिन लागतो, तो अंदाजाने टाकू नका, ग्राहक सेवेला विचारा. तीनदा चुकला की सिम अडतं आणि मग पीयूके नावाचा ८ आकडी कोड मागतं, तोही कंपनीच देते. मूळ पिन टाकून झाला की लगेच आपला ठेवा.

दुकानात बनलेलं जीमेल

तालुक्याला नवा फोन घेतला की दुकानातला पोरगा दहा मिनिटांत ‘सगळं चालू करून’ देतो. त्यात तो एक जीमेल बनवतो, त्याला पासवर्ड लावतो आणि गडबड असली तर पासवर्ड परत मिळवण्यासाठी स्वतःचाच नंबर टाकून देतो. त्याच्या मनात काही नसतं, त्याला पुढचं गिऱ्हाईक उरकायचं असतं. पण त्या जीमेलमध्ये पुढे आपले फोटो, सगळे संपर्क आणि क्रोमने साठवलेले पासवर्ड जमा होत जातात. आणि फोन कधी रिसेट करावा लागला तर तो उघडताना हाच पासवर्ड मागतो, जो कुणालाच आठवत नाही.

ते खातं आपलं असं करून घ्या:

१. सेटिंग्ज, मग ‘गूगल’, मग ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’. वर जो पत्ता दिसतो तो वहीत उतरवा.

२. ‘सिक्युरिटी’ भागात ‘रिकव्हरी फोन’ पाहा. परका नंबर असेल तर काढून आपला टाका. लक्षात ठेवा, बदल केल्यानंतरही ७ दिवस जुन्या नंबरावर कोड मागवण्याचा पर्याय गूगल ठेवू शकतं. तेव्हा आठवडाभराने पुन्हा एकदा इथे येऊन नजर टाका.

३. ‘पासवर्ड’वर दाबा. जुना माहीत नसेल तर ‘फरगॉट पासवर्ड’ करा. त्याच फोनवरून करत असाल तर बहुतेक वेळा फोनचं स्क्रीन लॉक विचारून गूगल पुढे जाऊ देतं. नवा पासवर्ड खालच्या पद्धतीने आधी वहीवर बनवा, मगच इथे टाका.

४. ‘युवर डिव्हाइसेस’ उघडा. ज्यातून हे खातं उघडलेलं आहे असे सगळे फोन-कॉम्प्युटर इथे दिसतात. विकलेला जुना फोन, सेवा केंद्रातला कॉम्प्युटर, भाच्याचा लॅपटॉप, जे आपलं नाही त्यावर दाबून ‘साइन आउट’.

फोनच्या कंपनीनुसार मेनूची नावं थोडी मागेपुढे असतील. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाका.

पासवर्ड किती लांब, आणि का

एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून पासवर्डांची फाईल चोरीला जाते. त्यात पासवर्ड सरळ लिहिलेले नसतात, एका गणिताने दळलेले असतात. चोर आपल्या कॉम्प्युटरवर अंदाज दळत बसतो आणि पीठ जुळतं का ते पाहतो. संकेतस्थळाने जुनं, हलकं गणित वापरलं असेल तर एका सेकंदाला ५०० कोटी अंदाज लावणं त्याला जड नाही. या वेगाने हिशेब करून पाहा:

आठ छोटी इंग्रजी अक्षरं: एकूण २०,८८२ कोटी शक्यता. सगळ्या तपासायला ४२ सेकंद.

७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले चार शब्द: सुमारे साडेआठ दिवस.

त्याच यादीतले पाच शब्द: सुमारे १८० वर्षं.

७,७७६ हा आकडा कुठून आला? एक फासा पाच वेळा टाकला की इतके निकाल निघतात, म्हणून अशा याद्या त्या लांबीच्या करतात. मराठीत घरच्या घरी करायचं तर जाड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, जवळचा सोपा नाम-शब्द घ्या. पाच वेळा. आवडला नाही म्हणून शब्द टाकून देऊ नका, कारण आवडीनिवडी आल्या की अंदाज सोपा होतो. समजा विळा, टपाल, जांभूळ, भोंगा, सुतळी असे आले. हे पाच इंग्रजी अक्षरांत, मधे आडवी रेघ देऊन लिहायचे. (हाच पासवर्ड उचलू नका, तो आता छापून झाला.)

इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. जांभूळ हा शब्द इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हांनी लिहिता येतो. वहीत जे स्पेलिंग उतरवलं तेच कायमचं. देवनागरीत टाइप करायचा मोह टाळा. काही ठिकाणी देवनागरी चालतच नाही, आणि ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र दोन कीबोर्ड दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवू शकतात. डोळ्याला सारखा दिसतो, कॉम्प्युटरला वेगळा. मग पासवर्ड बरोबर असून ‘चूक’ म्हणतो.

मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह हवंच असं एखादं संकेतस्थळ म्हणालं तर पहिलं अक्षर मोठं करा आणि शेवटी एक आकडा जोडा. आडवी रेघ हे चिन्ह धरलं जातं.

नाव आणि जन्मसाल मात्र कुठेच नको. ई-आधारच्या फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल, हे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानाला पाठ आहे. त्याच धर्तीवर आपण बँकेचा पासवर्ड केला तर तो सगळ्यात आधी तपासला जातो.

आणि एक पासवर्ड दोन ठिकाणी नको. खरेदीच्या त्या संकेतस्थळावरून फुटलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी चोर यंत्राने जीमेलवर, फेसबुकवर, सगळीकडे लावून पाहतात. घराची, गोठ्याची आणि कपाटाची किल्ली एकच असली की एक हरवल्यावर तिन्ही कुलपं बदलावी लागतात.

वही की ॲप?

वहीत पासवर्ड लिहू नका असं सर्रास सांगितलं जातं. आमचं मत वेगळं आहे. इंटरनेटवरचा चोर घाटंजीच्या किंवा धारणीच्या घरातल्या लोखंडी कपाटापर्यंत पोहोचत नाही. सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवलेली वही ही एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा कितीतरी बरी. अटी तीन: यूपीआय पिन आणि एटीएम पिन वहीत नाही, वहीचा फोटो काढायचा नाही, आणि वही बाजाराला पिशवीतून न्यायची नाही.

खाती पंधरा-वीसच्या वर गेली की ॲप सोयीचं. गूगलचं स्वतःचं पासवर्ड मॅनेजर फोनमध्ये असतंच आणि नवख्याला ते पुरतं. ‘बिटवॉर्डन’ मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांना तपासायला खुला आहे, आणि फोन व कॉम्प्युटर दोन्हीवर चालतं. मेळघाटासारख्या रेंज येते-जाते अशा भागात ‘कीपासडीएक्स’ जास्त शोभतं. त्याची तिजोरी म्हणजे फोनमधली एक कुलूपबंद फाईल, इंटरनेट लागतच नाही. पण फोन विहिरीत पडला की तिजोरीही गेली, म्हणून महिन्याकाठी त्या फाईलची प्रत पेनड्राईव्हवर घ्यायची. बिटवॉर्डन असो की कीपासडीएक्स, तिजोरीचा मुख्य पासवर्ड विसरला तर कंपनी काही करू शकत नाही. तो पाच शब्दांचा ठेवा आणि तेवढा एक वहीत असू द्या.

दुसरं कुलूप, रेंज नसतानाही

पासवर्ड फुटला तरी आत येता येऊ नये म्हणून दुसरं कुलूप लावतात. जीमेलच्या त्याच ‘सिक्युरिटी’ भागात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे. मेसेजने कोड येणं हा सोपा प्रकार, पण गावात मेसेज दहा मिनिटांनी येतो आणि तोवर कोड शिळा होतो. त्याऐवजी ‘ऑथेंटिकेटर’ ॲप घ्या. गूगलचं चालतं, खुल्या कोडचं हवं असेल तर ‘एजिस’. हे ॲप दर ३० सेकंदांनी ६ आकडी कोड स्वतः तयार करतं, नेटवर्क नसलं तरी. कोड घड्याळावरून बनतो, म्हणून ‘कोड चूक’ येऊ लागलं की आधी फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का ते पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

हे चालू केल्या केल्या ‘बॅकअप कोड्स’ काढा. गूगल ८ आकड्यांचे १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते वहीत उतरवा. हा टप्पा वगळला आणि फोन हरवला की माणूस आपल्याच खात्याबाहेर उभा राहतो.

व्हॉट्सॲपचं काम पाच मिनिटांचं. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, ६ आकडी पिन, आणि खाली ईमेलही द्या. ईमेल न देता पिन विसरलात तर ७ दिवस थांबावं लागतं. मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर कधीकाळी उघडलेलं आपलं व्हॉट्सॲप अजून तिथे जिवंत असू शकतं. लॉग आउट करा. कुणी फोनवर ‘स्टार’ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला तर करू नका, त्याने आपले कॉल दुसऱ्याकडे वळतात. आधीच करून बसला असाल तर *#२१# डायल करून कॉल वळलेत का ते पाहा आणि ##००२# ने सगळं वळवणं रद्द करा.

लग्नाची पत्रिका एपीके नसते

आता खूप पैसा जिथून जातो तिकडे येऊ. व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. कधी तिचं नाव लग्नपत्रिका, कधी आरटीओ चलान, कधी पीएम किसान यादी, कधी बँक केवायसी. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच बाधित झालेला असतो आणि त्यातलं ॲप त्याच्या सगळ्या संपर्कांना हीच फाईल धाडत सुटतं. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ. एपीके म्हणजे ॲप. पत्रिका पाहायला ॲप बसवावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसाला तीन पत्रिका येतात तेव्हा हा फरक डोळ्यांना लावून घेतलेला बरा.

फाईल दाबली की फोन विचारतो, ‘या स्रोताकडून ॲप बसवू का?’ हो म्हटलं की ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. तीही दिली की खेळ संपला. आता बँकेचा प्रत्येक ओटीपी चोराकडे जातो आणि काही ॲप तो मेसेज आपल्याला दिसायच्या आधीच दडवतात. काही ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही परवानगी अंध माणसाला फोन वापरता यावा म्हणून आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या जागी बटणंही दाबू शकतं.

हे दार आधीच बंद करून ठेवा: सेटिंग्ज, ॲप्स, ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल्स, टेलिग्राम या सगळ्यांपुढे ‘नॉट अलाउड’ असायला हवं. एकच फोन घरात फिरत असेल तर हे आणखी गरजेचं, कारण पोट्टे गेमची ‘मॉड’, म्हणजे फेरफार केलेली, एपीके उतरवतात आणि त्याच फोनवर घरचं बँक खातं असतं. मग प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे ना, तेही पाहा.

ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तिथेही नावाखाली लिहिलेली बनवणाऱ्याची ओळख वाचून. हमीभावाने कापूस विकायला नोंदणीचं ‘कपास किसान’ ॲप भारतीय कापूस महामंडळाचं आहे. कुणी त्याच नावाची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर ती नको. कर्जाचं ॲप सुरुवातीलाच संपर्क आणि फोटो मागत असेल तर ते तिथेच काढून टाका. वसुलीच्या धमक्या त्याच फोटोंवरून येतात.

लिंक ओळखायची तर सुरुवातीचं ‘https://’ सोडून पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे या. केंद्र सरकारचा पत्ता सहसा ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं. सुरुवातीला ‘पीएमकिसान’ लिहिलेलं आहे आणि शेवट भलताच आहे, तर तो पत्ता सरकारचा नाही.

फोन जुना असेल तर ‘अबाउट फोन’, ‘अँड्रॉइड व्हर्जन’ इथे ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहा. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवं अपडेट येत नसेल तर तो फोन गाणी, कॅमेरा आणि हवामानासाठी ठेवा, बँकेसाठी नको.

स्क्रीन लॉकला ६ आकडी पिन लावा. रेघांचा नमुना (पॅटर्न) काचेवर बोटाच्या रेघेत दिसतो. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडतात आणि फोन ठसा ओळखत नाही, म्हणून ठसा ठेवलात तरी दोन्ही हातांची बोटं नोंदवा. स्क्रीन बंद असताना मेसेजचा मजकूर दिसू नये ही सोय ‘नोटिफिकेशन्स’मध्ये असते, तीही चालू करा.

सेवा केंद्रातला कॉम्प्युटर

तिथे बँक किंवा जीमेल उघडायचं झालं तर ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत, ती बंद केली की ब्राउझर मागे काही साठवत नाही. पासवर्ड साठवू का विचारलं तर नाही. काम झालं की लॉग आउट, आणि ‘डाउनलोड्स’मध्ये उतरलेली आधारची, पासबुकाची पीडीएफ आपल्यासमोर पुसून घ्यायची, रिसायकल बिनमधूनही. दुकानदाराला तसं सांगायला संकोच वाटतो, पण ‘भाऊ, तेवढी फाईल काढून टाका’ एवढंच म्हणायचं असतं. जिथे चालेल तिथे शेवटचे ४ आकडेच दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या.

केंद्र आपलंच असेल तर एक गोष्ट कडक सांगायला हवी. ‘क्रॅक’ केलेलं विंडोज आणि फोटोचं सॉफ्टवेअर फुकट पडत नाही. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्यासोबत आलेला चोर गावाच्या आधार-पासबुकांमध्ये राहायला येतो. विंडोज १० चं नेहमीचं मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नसेल तर विंडोजच्या जागी चालणारं ‘लिनक्स मिंट’ मोफत आहे, आणि अर्ज, टायपिंग, हिशेबाला ‘लिब्रेऑफिस’ पुरतं. बदलण्याआधी आपला प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन त्यावर चालतं का ते पेनड्राईव्हवरून चालवून पाहा. सगळी मशीन चालत नाहीत. विंडोज ठेवलंत तर त्याचं स्वतःचं अँटीव्हायरस ‘डिफेंडर’ पुरेसं आहे. ब्राउझर ‘फायरफॉक्स’ आणि त्यात जाहिराती अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’, कारण ‘डाउनलोड’ लिहिलेली खोटी बटणं जाहिरातींतूनच येतात.

अंगठा

पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही. आधार जोडलेल्या खात्यातून आधार क्रमांक आणि नुसत्या ठशावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्यांदा लावायच्या आधी पहिल्या प्रयत्नाची पावती मागा. व्यवहार फसला तरी मशीन तसं दाखवतं. बँकेचा मेसेज येतो का तेही पाहा, येत नसेल तर शाखेत जाऊन सुरू करून घ्या.

ठसा एरवी बंद ठेवायचा असेल तर ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘लॉक बायोमेट्रिक्स’ आहे. आधारला जोडलेला नंबर चालू हवा. पण हे करण्याआधी घरात सांगून ठेवा. लॉक असताना रेशनच्या मशीनवर, पैसे काढताना, केवायसीला अंगठा नाकारला जाईल आणि ३३० हा एरर कोड दिसेल. त्या दिवशी निघण्यापूर्वी थोड्या वेळापुरतं उघडायचं. ज्या घरात हे उघडून देणारं कुणी नाही, तिथे लॉक करण्यापेक्षा आधारने पैसे काढण्याची सोय बंद करता येते का ते बँकेत विचारलेलं बरं.

पैशाची विभागणी

कापसाचा चुकारा, सोयाबीनचा पैसा ज्या खात्यात येतो ते यूपीआयला जोडू नका. दुसरं छोटं खातं काढा, त्यात दोन-चार हजार ठेवा आणि किराणा, पेट्रोल, कृषी केंद्र त्यातून. काही झालंच तर तेवढेच जातील. यूपीआय पिन फक्त पैसे द्यायला लागतो. पैसे घ्यायला पिन किंवा स्कॅन लागत नाही, समोरचा फौजी असल्याचं सांगो की अडत्या.

बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला वाद घालायची गरज नाही. ‘थांबा, पोट्ट्याले इचारतो’ म्हणून फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरावर आपण होऊन लावा. पोलीस असल्याचं सांगून फोनवर धमकावतात ती ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही.

गेलेच पैसे तर

१. बाधित फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाका आणि दुसऱ्या फोनवरून १९३० ला लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो, तो अडवण्याची सगळ्यात जास्त शक्यता पहिल्या तासा-दोन तासांत असते. जवळ ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत उतरवा.

२. बँकेला लगेच कळवून खातं आणि कार्ड गोठवा, मग शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरलं होतं: चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही अशा फसवणुकीत ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाचं नाही. पिन-ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पोचपावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या.

३. फोनमधलं ते ॲप काढा. निघत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मधून आधी त्याचा अधिकार काढावा लागतो. तेही जमत नसेल तर ‘सेफ मोड’मध्ये फोन सुरू करा: पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरा, तो विचारतो. स्क्रीनशॉट आणि पुरावे दुसरीकडे उतरवून झाले की फोन पूर्ण रिसेट केलेला उत्तम. जीमेलचा पासवर्ड माहीत करून घेतला होता तो इथे उपयोगी पडतो.

४. पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ फोनवरून. आधी जीमेल, मग बँक, मग बाकीचे. बाधित फोनवर बदललेला पासवर्ड चोराला त्याच क्षणी कळू शकतो.

५. फोनच चोरीला गेला असेल तर डुप्लिकेट सिम आणि पोलीस तक्रारीची प्रत घेऊन ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करता येतो. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो, तो *#०६# डायल केल्यावर दिसतो. आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तक्रार दिल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला इतकी फी भरा. फसलेल्या लोकांच्या याद्याही विकल्या जातात, त्यातून हे फोन येतात. पैसे परत देण्यासाठी पोलीस किंवा बँक फी घेत नाही. तो नंबर आणि वेळ आपल्या तक्रार क्रमांकासह पोलिसांना कळवा.